डोंगरावरची बाई

माझी सगळी गाणी देवाबद्दल आहेत आणि माझं सगळं नाव एका थापेवर उभं आहे. हे सांगताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, गायला लागून मला वीस वर्षं झाली. जटा वाढवल्या, मांस सोडलं, 'अहंकार सोडा' म्हणून गावोगाव गळा काढला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर मी छापून घेतलं होतं, की ही गाणी डोंगरावरच्या झोपडीत, सहा आठवडे एकांतात राहून केली. खरं तर तेव्हा मला कावीळ झाली होती आणि मी ताईच्या मागच्या खोलीत पडून होतो. तिथंच गाणी रेकॉर्ड करताना बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिनं खिडकीला गादी लावली होती. भावजींनी सहा आठवडे टीव्ही मुका ठेवून मॅच पाहिल्या, आणि तो माणूस एरवी मॅच बघताना खुर्चीशीसुद्धा भांडतो. लोक मात्र झोपडीवर भाळले. मुलाखतीत पहिला प्रश्न तिचाच असायचा, आणि दर वेळी मी डोंगर थोडा उंच करायचो.

यंदा त्याच रेकॉर्डचं डब करायचं ठरलं. डबमध्ये जुन्या गाण्यातलं एकेक वाद्य काढून टाकतात, बेस आणि ड्रम ठेवतात, आणि उरल्यासुरल्या आवाजावर प्रतिध्वनी चढवतात. इंजिनिअरनं गिटार बंद केली, ऑर्गन बंद केला, आणि माझ्या आलापामागून एका बाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"अरे, पाणी निवतंय, आधी अंघोळ कर बघू!"

"डोंगरावर बाई?" इंजिनिअर हसत सुटला.

खरं सांगितलं तर वीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं. "कामाला यायची एक," मी म्हणालो.

"कामाच्या बाईची केवढी ही जरब!" त्याला ते अंघोळीचं वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते गाण्यात ठेवूनच दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. "मला एकदा तुझा स्टुडिओ दाखव रे," असं ती कितीतरी वर्षं म्हणत होती आणि मी टोलवत होतो. शेवटी ठेवणीतले कपडे घालून, पत्ता विचारत विचारत ती एकटीच आली. आत पाऊल टाकते तो स्पीकरमधून तिचाच आवाज.

"अगंबाई, ही तर मीच!" ती खुदकन हसली.

इंजिनिअर उठून उभा राहिला. "म्हणजे झोपडीत यांच्याकडे कामाला होतात, त्या तुम्हीच?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. 'ही माझी ताई' एवढंच म्हणायचं होतं. मी समोरची बटणं बघत राहिलो.

"हो, मीच," ताई म्हणाली. "यांचं सगळं मीच करायचे. फार साधा माणूस आहे हो."

त्यानं खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येऊ का मग, साहेब?" तिनं मला विचारलं.

"या," मी म्हणालो.