मल्हारीच्या वाट्याची वाइन

गोटीराम पिंगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि जिन्याखाली वाइनच्या बरण्या. यावरून मखमलाबादेत जेवढी चेष्टा व्हायची तेवढी होऊन गेली होती. "एक थेंब जिभेला लावला असेल तर माळ काढून हातात देतो," असं तो म्हणायचा, आणि ते अगदी खरं होतं. स्वतः वाइन बनवायची, गाळायची, बाटलीत भरायची, पण चाखायची नाही. जग ज्याला खुळेपणा म्हणतं तो हाच, पण जगाच्या म्हणण्यावर माणसाची संध्याकाळ जात नाही.

आणि संध्याकाळ हीच तर त्याची अडचण होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लंकाबाई गेली. नवराबायको एकाच दिवशी आजारी पडले. ती परत आली नाही, हा आला, पण नाक तिकडंच ठेवून आला. कशाचाच वास येईना. जन्मभर गुलछडी आणि मोगरा पिकवून गणेशवाडीच्या फुलबाजारात नेलेला माणूस. पहाटे फुलं खुडायला उभा राहिला तर सगळा मळा कागदाच्या फुलांचा वाटायचा. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. वर्ष गेलं, वास काही आला नाही. मग त्यानं मळा पुतण्याला कसायला देऊन टाकला. मुलगा अमोल पुण्यात नोकरीला, त्याचा रविवारी फोन. बाकीचे दिवस घर, देवघर आणि टीव्ही.

मल्हारी हा शाळेपासूनचा दोस्त. एसटीत ड्रायव्हर होता, पेठ-सुरगाण्याच्या घाटात उभी हयात गाडी चालवून रिटायर झालेला. हा माणूस गप्प बसायला जन्माला आलाच नव्हता. एक दिवस मोबाइल नाचवत आला.

"गोट्या, हे बघ. घरच्या घरी फळांची वाइन. तू बनव."

"मी माळकरी आहे, मल्ह्या."

"तुला प्यायला कोण सांगतंय? तू बनव, मी पितो. माझ्या गळ्यात कुठं माळ हाय?"

एवढ्यावर सुरुवात झाली. मल्हारी अजूनही जुन्या ओळखीनं घाटातल्या गाड्यांमधून फिरायचा. पेठकडून करवंदं आणायचा, वणीच्या बाजूनं स्ट्रॉबेरी, कुठून कुठून डाळिंबं. गोटीराम फळं कुस्करायचा, साखर-पाणी आणि बेकरीतलं यीस्ट घालायचा. व्हिडिओतला माणूस बरणीचं झाकण घट्ट लावून त्यातून एक नळी बाहेर काढायचा, हवा आत जाऊ नये म्हणून. ते पाहून गोटीरामला हसू आलं. बरणीला कसली सलाइन लावता? लंकाबाईच्या हाताखाली त्यानं आयुष्यभर बरण्या पाहिल्या होत्या. तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि रोज लाकडी पळीनं तळापासून हलवायचं, म्हणजे बुरशी धरत नाही. तिचं लोणचं कधी बिघडलं नाही. मग त्यानं वाइनही तशीच सांभाळली, देवपूजा आटोपली की रोज पळी फिरवून. वास येत नसल्यानं तो बरणीला कान लावायचा. आतून बारीक चुरचुर ऐकू आली की त्याला बरं वाटायचं. घरात आपल्याखेरीज कोणीतरी जिवंत आहे असं वाटायचं, खरं सांगायचं तर.

बुधवारच्या बाजारातून परतताना मल्हारी त्याच्या ओट्यावर थांबायचा. गोटीराम चहाचा काचेचा ग्लास भरून पुढे करायचा आणि दहावीचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. मल्हारी डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा करायचा. मग थोडा वेळ काही बोलायचा नाही.

"ब्येस," तो म्हणायचा. "पण मागची करवंदाची हिच्यापेक्षा लय भारी होती."

मग वाद. करवंदाची का भारी, साखर कमी का पडली, डाळिंबाचे दाणे कुस्करायचे की नुसते दाबायचे. दिवेलागण होऊन जायची, तरी ते संपायचं नाही. निघताना मल्हारी एक बाटली पिशवीत टाकायचाच. अमोल एकदा दिवाळीला आला तेव्हा जिन्याशी थबकून म्हणाला, "बाबा, इथं काहीतरी आंबलंय." गोटीराम अभिमानानं म्हणाला, "वाइनला वास असतोच." शहरातल्या पोरांना काय कळतंय, असं त्याला वाटलं.

यंदा मल्हारीनं पेठहून जांभळं आणली. दोन पाट्या भरून, टपोरी. "ही तुझी सगळ्यात मोठी वाइन होणार," म्हणाला. गोटीरामनं ती जिवापाड जपली. ती बाटलीत भरायच्या आधीच शहरातल्या द्वारकेच्या चौकात, गर्दीत अडकलेल्या रिक्षात बसल्या बसल्या, मल्हारी गेला. हार्ट. रिक्षावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय.

दहाव्याला सगळे गोदाकाठी जमले. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या भिंतीवर चार-पाच बसले होते, अंग साफ करत, जणू त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. मल्हारीचा मुलगा ज्ञानेश हात जोडून म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. लेकीनं काही कबूल केलं, जावयानं काही. कोणीतरी कुजबुजलं, "जीव कशात तरी अडकलाय." मग गोटीराम पुढे झाला. त्याला खात्रीच होती.

"मल्ह्या, जांभळाची तुझ्या घरी पोचती करतो. पहिली बाटली तुझीच."

एक कावळा उडाला आणि नदीपलीकडे निघून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. लोक पांगले. गोटीराम मात्र ते मनात घेऊन घरी आला. शब्द दिलाय तर पाळायला हवा, आणि त्याहून मोठं म्हणजे, जांभळाची कशी झालीये हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. अमोलला फोनवर विचारलं, पुढच्या खेपेला चाखशील का. तो म्हणाला, "बघू बाबा, आत्ता मीटिंग आहे." पुतण्यानं हात जोडले. शेजारच्या लताबाईंना विचारण्यात अर्थच नव्हता. एवढ्या मोठ्या गावात एक ग्लास पिणारा मिळू नये, याचं त्याला नवल वाटलं आणि मग वाईट वाटलं.

तेरावं झाल्यावर बुधवार बघून तो बाटली घेऊन मल्हारीच्या घरी गेला. त्याची बायको कुसाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं बाटलीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू की रडू ते त्याला कळलं नाही.

"ठेवा भाऊ तिकडं. बाकीच्यांबरोबर."

स्वयंपाकघराच्या फळीवर बाटल्यांची रांग होती. करवंद, स्ट्रॉबेरी, डाळिंब. सगळ्या त्याच्याच, काही अर्ध्या, काही भरलेल्या.

"म्हणजे घरी नेलेली तो प्यायचाच नाही?"

"हे कोण पिणार, भाऊ? शिरका हाय तो, व्हिनेगर. आंबट ढाण. मी कांद्याच्या लोणच्यात घालते. माझ्याही गळ्यात माळ हाय, दारू असती तर घरात ठेवली असती का?"

गोटीराम उभाच राहिला. "यंदाच्या वाइनचा शिरका झाला?"

"पहिल्यापासून," कुसाबाई म्हणाली. "हवा लागली की होतोच. हे तुमच्याकडनं आले की पहिलं गार दूध मागायचे. बुधवारी घशात जळजळ, गुरुवारी पोटात. मी म्हणायची, सांगून टाका एकदा त्यांना, बिचाऱ्यांचं नाक गेलंय, त्यांना कसं कळावं?"

"मग का नाय सांगितलं?"

कुसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्हणायचे, सांगितलं तर गोट्या बरण्या फेकून देईल. मग बुधवारी काय सांगून जायचं त्याच्याकडं? नुसता कसा हाय बघायला आलो म्हटलं तर त्याला राग येतो. त्याची कीव केलेली त्याला चालत नाय."

गोटीराम चहा न घेता निघाला. रस्ताभर त्याला एकेक बुधवार आठवत होता. डोळे मिटून घेतलेला तो घोट. नंतरचं ते गप्प राहणं. आपण त्याला चव घोळवणं समजत होतो. करवंद भारी की डाळिंब, यावर हा गडी शपथेवर भांडला होता, आणि दोन्ही एकसारखी आंबट.

घरी येऊन त्यानं जिन्याखालची बरणी उघडली आणि ग्लास काठोकाठ भरला. शिरकाच असेल तर माळेला बाध नाही, कुसाबाईच्या गळ्यात हीच माळ होती. ओट्यावर बसून त्यानं ग्लास तोंडाला लावला, डोळे मिटले आणि एका दमात प्यायला गेला. नाक मेलं होतं, जीभ आणि घसा जिवंत होते. दुसऱ्या घोटालाच आतून सोलून निघाल्यासारखं झालं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अर्धा ग्लास तसाच राहिला. काही केल्या तो त्याच्यानं संपेना.

असले भरलेले ग्लास मल्हारीनं दर बुधवारी, तोंड वाकडं न करता रिचवले होते. या खोटेपणाबद्दल त्याला कडकडून शिव्या द्याव्यात असं गोटीरामला वाटलं. इतका राग त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. शिव्या तोंडाशी आल्याही. त्या ज्यानं ऐकायच्या तोच आता नव्हता, आणि ओट्यावर बसलेला गोटीराम, लंकाबाई गेली तेव्हाही रडला नव्हता, तसा मोठ्यानं रडला.