यकृतात गेलं कधी?

प्रयोगशाळेत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. ‘का’ विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. नशिबाने कामही तसंच मिळालं होतं. मोठ्या आतड्यातला कर्करोग अंगभर पसरतो, तेव्हा कुठली गाठ कुठल्या गाठीची लेक, याची वंशावळ लावायची. वाढता वाढता या पेशींच्या जनुकांत बारीकसारीक बदल होत राहतात. आईतला बदल लेकीत उतरतो. लेक घर सोडून गेल्यावर आईत झालेला बदल मात्र लेकीत सापडत नाही. एवढ्यावरून कोण कधी बाहेर पडलं ते कळतं.

या वेळचे तीन तुकडे एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये काढलेले होते: आतड्यातला, शेजारच्या लसिकाग्रंथीतला आणि यकृतातला. त्याची थोरली बहीण चाळीस वर्षं नर्स होती. भावाने रक्त पडतंय म्हणून सांगितलं, तेव्हा ताईंनी मूळव्याध समजून आठ महिने घरीच औषध दिलं होतं. तुकडे संशोधनाला देताना त्यांनी एकच विचारलं होतं, “त्या आठ महिन्यांत ते यकृतात गेलं का? जे असेल ते खरं सांगा.”

पहिलं उत्तर वाईट आलं. ग्रंथीतले अगदी ताजे बदल यकृतातही दिसत होते. म्हणजे आतड्यातून ग्रंथीत, ग्रंथीतून यकृतात, आणि तेही अलीकडेच.

“सरळ आहे,” सर म्हणाले. “कळवून टाक त्यांना.”

“पण सर, हे बदल शंभरातल्या चारच पेशींत का? लेक आईवर गेली तर नखशिखान्त जाईल ना? नुसती करंगळी आईची, असं कसं?”

“तुझी चौकशी काही संपायची नाही,” सर हसले, पण थांबले.

तिने यकृताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कडेला निळ्या ठिपक्यांची दाट गर्दी होती. अशी गर्दी ग्रंथीत असते. यकृतात तिचं काय काम? आणि मग तिला काप काढले तो दिवस आठवला. मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढले, की ते कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये तरंगवायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. दर तुकड्यानंतर पाण्यावरून टिपकागद फिरवायचा, हे नव्या लोकांना तीच शिकवी. त्या दिवशी घाईत तिनेच तो फिरवला नव्हता. ग्रंथीचा कपटा पाण्यावर राहिला आणि यकृताच्या कापाला चिकटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तिने सरांना जाऊन तसं सांगितलंही.

नवं पाणी, नवं पातं, नवे काप. दहा दिवसांनी सगळी वंशावळच उलटली. यकृतातल्या गाठीत ग्रंथीचा एकही ताजा बदल नव्हता. ती थेट आतड्यातूनच निघाली होती, ग्रंथीच्या कितीतरी आधी. असे बदल साधारण ठरावीक गतीने साठत जातात; ते मोजून सरांनी तीनदा पडताळलं: ऑपरेशनच्या किमान तीन वर्षं आधी. इतकी वर्षं ती गाठ गप्प कशी बसली, हा नवा प्रश्न चौकशीबाईंना लगेच छळू लागला. पण आधी ताईंना सांगायला हवं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत भाऊ-बहीण शेजारी बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ताईंनी संशयाने पाहिलं.

“मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? चाळीस वर्षं मीही लोकांना असंच सांगत आले.”

“दोन आठवड्यांपूर्वी आला असतात, तर उलटं सांगितलं असतं,” ती म्हणाली आणि ट्रेची सगळी हकिगत सांगून मोकळी झाली.

“पाणी साफ केलं नाहीस?” ताईंनी वॉर्डातल्या आवाजात दटावलं. मग त्यांनी डोळे पुसले. त्यांचा विश्वास बसला होता.

भाऊ इतका वेळ खाली मान घालून बसला होता.

“बाई, मी ताईला सांगितलं, तेव्हा रक्त पडायला लागून वर्ष झालं होतं,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे ऑपरेशनपर्यंत वीस महिने. ते त्याच्याही आधीच गेलं होतं ना?”

“त्याच्याही आधी.”

त्याने सुटकेचा श्वास टाकला. ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

“वर्षभर लपवलंस?”

“तू रागावशील म्हणून.”

ताईंनी त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. “आणि इतके दिवस मला एकटीलाच दोष घेऊ दिलास?”