साळवे गुरुजींचं निर्व्यसनी लिव्हर

साळवे गुरुजींचं लिव्हर बरं झालं. पण ते झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण हल्ली गुरुजी स्वतःही तसंच धरून चालतात.

तर, लिव्हर बिघडलेलं आहे. सिद्धोधन साळवे हे निवृत्त शिक्षक आणि राणीसावरगावातल्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. विहारात वंदना घेताना पाचवं, दारू न पिण्याचं शील आलं की त्यांचा आवाज आपोआप चढायचा आणि मागच्या रांगेतली काही माणसं चपला शोधायला लागायची. अशा माणसाची गंगाखेडला सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी विचारलं, "फॅटी लिव्हर आहे. ड्रिंक्स घेता का?"

गुरुजींनी डॉक्टरांकडं असं पाहिलं, की डॉक्टर म्हणाले, "मीही नाही घेत." मग समजावून सांगितलं, की दारू न पिताही लिव्हरवर चरबी चढते, गोड कमी करा, रोज चाला, वजन उतरवा. गुरुजींनी त्यातलं "दारू न पिताही" एवढंच मनापासून ऐकलं आणि तेवढं शिक्का मारून लेखी मागितलं. डॉक्टरांना तो विनोद वाटला.

परतीच्या एसटीत शेजारी दत्ता बसला होता. दत्ता म्हणजे समितीचा सगळ्यात जुना विरोधी पक्ष. त्यानं रिपोर्टात डोकावून पाहिलं.

"लिव्हर? गुरुजी, तुमचं?"

"दत्ता, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

"बराबर हाय. थेंबानं लिव्हर कुठं बिघडतंय?" दत्ता हळहळला. "आमी चौकात पेतो, म्हणून आमचं ठणठणीत हाय. चोरून पेल्यालं अंगाला लागत न्हाई बगा."

एसटी गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. समितीत कुजबुज सुरू झाली, की पुढच्या बैठकीत अध्यक्ष बदलावा. पिणाऱ्यानं दारूबंदी करायची म्हणजे लय झालं. गुरुजींनी ठरवलं, बैठकीआधी लिव्हर धुतल्यासारखं करायचं आणि रिपोर्ट सगळ्यांच्या तोंडावर फडकवायचा.

मग झाडपाल्याचा मारा सुरू झाला. कारल्याचा रस, ओली हळद, भुईआवळा, कढीपत्ता, शिवाय कुणी काय सांगेल ते. परसातलं जे जे हिरवं होतं ते बायकोच्या, म्हणजे कुसुमबाईंच्या मिक्सरमधून गेलं. दावणीची शेळी गुरुजींकडं वाटेकऱ्यासारखी बघू लागली.

आता, उसाच्या पट्ट्यात कडू औषधावर गुळाचा खडा खायची रीत आहे. गुरुजी सगळ्या रिती मोडलेला माणूस, पण ही एक त्यांनी पाळली. औषध जेवढं कडू तेवढा खडा मोठा. भुईआवळ्यावर सुपारीएवढा, कारल्यावर लिंबाएवढा. आणि सगळं एकत्र वाटलेल्या काढ्यावर तर ढेपेलाच हात जायचा. वर तोंड गोड झालं म्हणून चहा.

दुसरी सोनोग्राफी झाली. लिव्हर आणखी बिघडलं होतं.

"वाढवली जनू," गाव म्हणालं.

तेवढ्यात मुलगी धम्मशीला परभणीहून सुट्टीला आली. ती कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकते. सकाळी तिनं बापाच्या एका हातात हिरवा पेला आणि दुसऱ्या हातात गूळ पाहिला.

"बाबा, हे काय करायलाव?"

"औषध घ्यायलोय. वनस्पतीत लय गुण असतात म्हणं."

"असतात की. हळदीत, आवळ्यात, चहाच्या पानात काही घटक हायत, लिव्हरवर त्यांचे अभ्यास चालू हायत. थोडा उपयोग होत असंल. पण त्याच्यावर पाव ढेप गूळ खायचा, असा अभ्यास अजून कुणी केला न्हाई. तुमीच पहिले."

"मग काय निघालं त्यात?"

"तुमचं लिव्हर."

तिनं ढेप उचलून शेजारी देऊन टाकली. काढेही बंद केले; म्हणाली, कोणता पाला लिव्हरलाच बाधंल ते सांगता येत न्हाई. कारलं भाजीत, हळद फोडणीत, चहा बिनसाखरेचा, आणि सकाळ-संध्याकाळ फाट्यापर्यंत पायी. गुरुजी महिनोन् महिने तोंड पाडून चालले. बैठक दोनदा पुढं ढकलली गेली, कारण सभासद लग्नसराईत अडकले होते. आणि मग रिपोर्ट आला. लिव्हर साफ.

गुरुजी स्टँडवर उतरले ते रिपोर्ट वर धरूनच. "बघा! वाचा! आहे का काही?"

दत्तानं रिपोर्ट हातात घेतला. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले.

"गुरुजी, सुटली?"

"काय सुटली?"

"आमाला एक दिस सुटंना. आन् तुमी..." दत्तानं चक्क पाय धरले.

बैठकीत अध्यक्षपद एकमतानं गुरुजींकडंच राहिलं. दारूच्या विळख्यातून स्वतः बाहेर पडलेला अध्यक्ष दुसऱ्या कुठल्या गावात आहे? शाल आली, बॅनर लागलं. गुरुजींनी माईक ओढून घेतला.

"मी कधी प्यालोच नव्हतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "सुटल्यावर असंच वाटतंय," मागून कुणीतरी समजुतीनं म्हणालं.

घरी कुसुमबाई म्हणाल्या, "जाऊ द्या की. पयल्यापेक्षा मान वाढला."

"कुसुम, तुला तरी खरं माहिती आहे ना?"

"मला ठाव हाय हो," कुसुमबाई म्हणाल्या, पण जरा थांबून.

त्या थांबण्यानं गुरुजी उठले आणि तहसीलसाठी अर्ज लिहायला बसले. त्याचा शेवट असा:

"तरी मा. महोदयांस विनंती की, अर्जदाराने कधीही न धरलेली दारू सोडल्याबाबत झालेला सत्कार मूळ तारखेपासून रद्द समजण्यात यावा, सदर लिव्हरचा पंचांसमक्ष पंचनामा करण्यात यावा, व ते जन्मापासून निर्व्यसनी असल्याचा दाखला दोन प्रतींत मिळावा. पैकी एक प्रत अर्जदाराच्या पत्नीस परस्पर देण्यात यावी, ही नम्र विनंती."