सहा, बास

"अंगठा दाखवा बघू."

"का? कुठे उठवायचाय?" नवरा हसला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

तिने तो दिव्याखाली धरून उलटसुलट केला. स्वच्छ, गुळगुळीत अंगठा. आजच्या रविवारी त्याने तळ्यावर नऊ मासे पकडले होते. निदान खिशातल्या चिठ्ठीत तसं लिहिलं होतं.

"काही लागलं नाही ना, एवढंच बघत होते," म्हणत तिने हात सोडला.

कारखान्यात तिला सगळे गाठवाली म्हणत. माशांना फसवायची खोटी आमिषं तिथे बनत: प्लास्टिकच्या रंगीत अळ्या, डोळे मिचकावणाऱ्या लाकडी मासोळ्या. गाठवालीच्या टेबलावर मात्र एकच वस्तू बने. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं, त्यात गळ आणि त्यावर दोऱ्याने आवळून बांधलेले जनावराच्या शेपटीचे केस. तिला केसाळी म्हणत. दुकानात टांगली की ती मेलेल्या सुरवंटासारखी दिसे, आणि गिऱ्हाईक शेजारची अळी उचलून चालू लागे.

मालक या हंगामात केसाळी बंद करणार होता. केसाळी गेली की टेबल जाणार, आणि सोळा वर्षं केसांत बोटं घातलेली बाई पाकिटं भरायला बसणार. शेवटचा उपाय म्हणून मालकाने तिच्या नवऱ्याला पाच केसाळ्या दिल्या होत्या. तो हौशी गळवाला, पकडलेला मासा परत पाण्यात सोडणारा. "दर रविवारी एक वापरा, काय होतं ते चिठ्ठीवर लिहून द्या. बास लागला तर ठेवू."

बास हा तळ्यातला मोठ्या तोंडाचा भांडखोर मासा. "नाव बास, पण पोट कधी बास म्हणत नाही," असं शिसं ओतणारे काका नेहमी म्हणायचे.

पहिली चिठ्ठी आली: 'सहा. बास.' मालकाने ती भट्टीपाशी उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवली. मग सात, पाच, आठ. केसाळीला कारखान्याच्या छापील यादीत पूर्ण पान मिळायची भाषा सुरू झाली.

आदल्याच दिवशी, शनिवारी, काकांनी सहज आपला अंगठा तिच्यापुढे नाचवला होता. सालपटं निघालेला, लाल. "काल तीन बास. त्याच्या तोंडात अंगठा घालूनच उचलावं लागतं. दात कसले, पॉलिश पेपर! तुझ्या साहेबांचा अंगठा तर पार सोलला असेल."

सोललेला नव्हता. तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

नवरा झोपल्यावर तिने त्याची पेटी उघडली. पाचही केसाळ्या एका ओळीत. एकेक केस सरळ, तिने कातरला होता तसा. एका माशाने चावली तरी केसाळी विस्कटते. सात मासे खाऊन आलेली टकलीच व्हायला हवी. शर्टाला माशाचा वास नव्हता. मग आठवत गेलं: गेला महिनाभर तो आल्या आल्या नजर चुकवून बोलत होता. पाच रविवार हा माणूस जातो तरी कुठे? आणि कुणाकडे?

पुढच्या रविवारी तो निघाल्यावर तासाभराने ती बसने तळ्यावर गेली. तो तिथे नसेल याची तिने मनाशी जवळजवळ खात्रीच करून टाकली होती.

तो होता. एकटाच, गुडघाभर पाण्यात. केसाळी लांब फेकायचा, भराभरा गुंडाळून घ्यायचा, पुन्हा फेकायचा. ती झाडामागून बघत राहिली. दोन तासांत एकही मासा नाही. मग त्याने काठावर बसून खिशातून चिठ्ठी काढली आणि पेन तोंडात धरून विचार करू लागला.

"आज किती लिहिताय?"

तो दचकला. "अगं! तू इथे?"

"मी विचारलं, किती?"

बराच वेळ त्याने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली. "पहिल्या दिवशी मी खोटं लिहिलं नव्हतं गं. सहा वाजले होते. दिवसभरात काही लागलं नाही, म्हणून लिहिलं, सहा. बास. म्हणजे, सहापर्यंत बसलो, आता पुरे."

"आणि मालकांनी सहा मासे वाचले."

"तू त्या दिवशी नाचत घरी आलीस. टेबल वाचलं म्हणालीस. मी काय सांगणार होतो?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी त्याला पाण्यात ढकलावंसंही वाटलं. "मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे कुठे..."

"कुठे?"

"काही नाही. ओढता कशाला तिला एवढं? ती काय अळी आहे?"

"मग काय करू?"

"पडू द्या तळाशी. मी रोज काचेच्या भांड्यात सोडून बघते. ती निपचित पडली ना, की केस आपोआप उघडमीट करतात. श्वास घेतल्यासारखे."

त्याने फेकली आणि थांबला. पण फार वेळ त्याला थांबता येत नव्हतं. ती दर वेळी मनगट धरायची. ऊन कलायला आलं तेव्हा दोरी एकदाच हलकी थरथरली. वीतभर बास. त्याने तो उचलला, दोघांनी बघितला, आणि पाण्यात सोडून दिला.

सोमवारी चिठ्ठी तिनेच नेली.

"एक?" मालकाने चष्मा वर केला. "मागच्या पाचांत पस्तीस, आणि आज एक?"

"मागचे पस्तीस धरू नका. ते झालेच नाहीत." तिने सहा वाजल्याची गोष्ट सांगितली. शिशाच्या भट्टीकडून काकांचा खोकल्यात दडवलेला हशा आला. मालक हसला नाही.

"पान छापायला जाणार होतं, बाई."

"म्हणूनच आज आले. पण हा एक खरा आहे. न हलवता लागला."

"गिऱ्हाईक दुकानात वस्तू हलवून बघतं. न हलवता चालणारी वस्तू मी विकू कशी?" त्याने पानावर आडवी रेघ मारली. मग म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"हो," ती म्हणाली.

बुधवारपासून ती प्लास्टिकच्या अळ्या पाकिटात भरू लागली. एका पाकिटात दहा.

रविवारी नवरा उशिरापर्यंत पेपर वाचत बसला. शेवटी तिनेच गळाची काठी भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिली.

"आता कशाला? चिठ्ठी कुणाला द्यायची?"

"मला सांगा."

दिवेलागणीला तो आला. चपला काढता काढता, तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "एकही नाही."

"बरं," ती म्हणाली. "हात धुऊन या, वाढते."