टाकीच्या भरवशावर

हार्लनसमोर वीज जाण्याची गोष्ट काढणं म्हणजे त्याच्या पोराबाळांना नावं ठेवणं. उभा जन्म आयोवातल्या विजेच्या खांबांवर काढलेला लाइनमन तो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ‘गेली तर गेली, आपली लाइनवरची पोरं तासाभरात आणतील’ हे पालुपद काही सुटलं नव्हतं.

त्याच्या बायकोला, नादीनला, मात्र गेल्या वसंतातली ती संध्याकाळ विसरता येत नव्हती. टोर्नेडोचा भोंगा झाला, आसऱ्याला दोघं तळघराकडे धावली आणि बघतात तर घोटाभर पाणी! वीज गेलेली, त्यामुळे पाणी उपसणारा कोपऱ्यातल्या खड्ड्यातला पंप गप्प, आणि जमिनीतलं पाणी झिरपून वर आलेलं. शेवटी दोघं अर्ध्या जिन्यावर बसून राहिली. वर छप्पर करकरत होतं, खाली पाणी चढत होतं, आणि हार्लन म्हणत होता, “येतीलच पोरं.”

यंदा तर बर्फावरून घसरून त्याचा पाय प्लास्टरमध्ये. एकदा खाली नेला की त्याला झटपट वर आणणं नादीनच्या बापाच्यानंही झालं नसतं. म्हणून तिनं त्याला कुबड्यांसकट गाडीत घातलं आणि वीज नसतानाही चालेल असा पंप घ्यायला लाइलचं हार्डवेअरचं दुकान गाठलं.

“हा बॅटरीवरचा,” लाइल म्हणाला. “चांगला आहे. बॅटरीची निगा मात्र राखायला हवी.”

“राखणार कोण? हा? याच्या ट्रकची बॅटरी दर हिवाळ्यात मान टाकते.”

“मग हा घ्या. वीज नको, बॅटरी नको. गावच्या नळाला जोडायचा. नळाचं पाणी यातून जोरात जातं आणि जाताना खड्ड्यातलं पाणी ओढून बाहेर नेतं. शेतावर राहणाऱ्यांना मी देत नाही हं. त्यांच्या विहिरीचा पंपच विजेवर, वीज गेली की नळही गेला.”

हार्लन खो खो हसला. “पाण्यानं पाणी उपसायचं! लाइल, उद्या अंधार लावून उजेड पाडशील. अरे, नळाला तरी जोर कोण देणार?”

लाइलनं नुसता अंगठा खिडकीबाहेर दाखवला. रस्त्याच्या टोकाला गावाची पाण्याची टाकी उभी होती, लांब पायांची, पोटावर गावाचं नाव मिरवणारी.

“ती भरलेली आहे आणि उंच आहे,” तो म्हणाला. “बास.”

नादीन बघतच राहिली. या टाकीखाली ती लहानाची मोठी झाली होती. एवढं ओझं डोक्यावर घेऊन ही बया रात्रंदिवस उभी आहे आणि गावातला प्रत्येक नळ तिच्या वजनानं वाहतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“हाच दे,” ती म्हणाली.

“पैसे पाण्यात,” हार्लन पुटपुटला.

एप्रिलमध्ये एका दुपारी आकाश हिरवं पडलं आणि भोंगा झाला. हार्लन बसूनच एकेक पायरी खाली उतरला. नादीननं त्याला खुर्चीत बसवलं, आणि दिवे गेले.

“येतीलच पोरं,” तो म्हणाला.

वर काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला. नादीननं विजेरी खड्ड्यावर धरली. पाणी काठाकडे चढत होतं. तिनं हार्लनच्या प्लास्टरकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि तिचा धीर सुटला. आपण याला आपल्या हातानं इथे आणून बसवलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात नव्या पंपाचा तरंगता गोळा पाण्याबरोबर वर उचलला गेला आणि त्यानं नळाचं पाणी सोडलं. पाइपमध्ये फस्स झालं, मग एकसारखा घोष सुरू झाला. पाणी थबकलं. मग हळूहळू उतरू लागलं. कुठे मोटर नाही, ठिणगी नाही. नादीनला चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं.

हार्लननं वाकून पाइपावर तळवा ठेवला. पाइप थरथरत होता.

“त्या टाकीवरचा दिवा बदलायला मी दरसाल चढायचो,” तो म्हणाला. “वर उभा राहून आपल्या तारा बघायचो. पायाखाली काय आहे ते कधी बघितलं नाही, नादीन.”

भोंगा थांबला. वादळ सरकलं. वीज आली नाही. तळघर मात्र कोरडं होतं.

नादीननं वीज कंपनीला फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडे त्याच्याच हाताखाली शिकलेला फोरमन होता. हार्लन आता पोरांना फैलावर घेणार, हे ती धरून चालली होती.

“हार्लन बोलतोय,” तो म्हणाला. पाइपावरचा हात त्यानं काढला नव्हता. “आधी शेतावरच्यांचं बघा रे. त्यांचे नळही बंद असतील. आमच्याकडे सगळ्यात शेवटी या.”