कार्बोरेटरखालचं कार्ड

कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा पितळेचा जेट बसलिंगप्पाने पुन्हा उजेडात धरला – हरभऱ्याएवढा तुकडा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक, आणि भोकातून दिसणारं मे महिन्याचं पांढरं आभाळ. स्वच्छ. सकाळपासून तिसऱ्यांदा खोलला, तिसऱ्यांदा स्वच्छ. यात कचरा अडकला असता तर किती बरं झालं असतं... जीप चढाला गुदमरत होती, कार्बोरेटरमधून उलटी फटफट शिंकत होती, आणि चोक ओढून हवा कोंडली की लगेच शहाण्यासारखी चालत होती. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी, हवा जास्त. एवढं तर त्याला जीप फाटकातून आत येतानाच, तो पाठमोरा असताना, नुसत्या आवाजावरून कळलं होतं. बावीस वर्षं लातुरात हाच कान गाजत होता. लोक गाडी आणत नसत, गाडी ऐकवायला आणत.

आणि त्याच तोऱ्यात गुरुवारी तो बोलून गेला होता. जीप डाळमिलवाल्या मडिवाळप्पांची, सध्या शिरूर अनंतपाळकडे दुष्काळी कामावर भाड्याने लावलेली. ते विचारायला आले तेव्हा त्याने हातसुद्धा न पुसता सांगितलं की माझ्या हाताखालून गेलेली गाडी अशी होत नाही. कुणीतरी कार्बोरेटरचा स्क्रू आवळलाय, पेट्रोल वाचवून बाहेर विकायला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय – जीपला ड्रायव्हर एकच, शेषेराव, नऊ वर्षांचा जुना. मडिवाळप्पांनी त्याच संध्याकाळी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. सोमवारपासून नवा माणूस येणार होता. पाऊस दोन वर्षं रुसलेला, बायकामाणसं खडी फोडून राहिलेली, अशात हातचं स्टिअरिंग गेलेला माणूस कुठे जाणार?

शेषेराव आज दुपारपासून फाटकाबाहेर लिंबाखाली बसला होता. आला तेव्हा फक्त ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार केला. भांडला असता तर सोपं गेलं असतं, मेला भांडतही नाही.

बसलिंगप्पाने जेट बसवला, झाकण आवळलं, जीप चालू केली. तेच. लंगडी चाल, अधूनमधून शिंक. मग पेट्रोल नाही, हवाच... कुठल्या तरी सांध्यातून चोरटी हवा शिरतेय. त्याने तेलाची कुपी घेतली आणि एकेका सांध्यावर थेंब सोडत कान लावला. फट असली की इंजिन तेल ओढून घेतं, घटकाभर फट बुजते, आवाज सुधरतो. पाइपाचा सांधा – काही नाही. त्याच्या पलीकडचा – काही नाही. राहिला एकच, कार्बोरेटरच्या बुडाचा. तो त्याने अजून पाहिला नव्हता. पाहणारही नव्हता. आपण बसवलेला सांधा पुन्हा उघडून बघायचा नाही, ही नांदेडच्या उस्तादांची शिस्त, आणि तिचा मला केवढा गर्व! तो सांधा दिवाळीत मीच बसवलेला...

एक थेंब. फक्त खात्री म्हणून.

इंजिन सरळ झालं. चार सिलिंडरांचे चार स्वर जुळून एक झाले, मोजून दोन श्वास, आणि पुन्हा लंगडलं. ‘सापडला!’ – आनंद आधी आला. छातीत अगदी मावेना. लातूर नवा जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, काट्यांची यंत्रं घेऊन शिकलेले मिस्त्री आले, पण आणा म्हणावं एकाला, लावू दे कान! मग त्याची नजर सांध्याच्या कडेवर गेली. काळी पडलेली, आक्रसलेली, तरी एका जागी सोनेरी.

गावातल्या लग्नपत्रिका जमवायच्या आणि हातोडीने ठोकून त्यांची सांध्यात घालायची पॅकिंगं कापायची, ही त्याची जुनी रीत. डब्यात निम्म्या लातूरची लग्नं पडलेली असत. पण या जीपला त्याने जिल्हा झाला त्या सोहळ्याचं कार्ड कापलं होतं. त्याला स्वतःला आलेलं, नावानिशी, जाड, चकचकीत. कुणाच्या इंजिनात जिल्हा आहे, असं तो चार जणांना सांगून हसला होता. साधी पत्रिका तेल पिऊन फुगते, गच्च बसते. हे चकचकीत कार्ड कसलं तेल पितंय? उष्णतेने वाळलं, पातळ झालं. वेंधळ्या, पहिल्या दिवसाच्या पोराला कळतं हे.

बदलून टाकावं. पाव तासाचं काम. जेटमध्ये कचरा होता म्हणावं, गाडी द्यावी, कुणाच्या बापाला कळत नाही... पण मग हे दोन श्वास? हे कुणी ऐकलं, कुणी पकडलं, तेही कुणाला कळणार नाही. शोध सांगायचा तर कार्ड सांगावं लागतं, आणि कार्ड लपवायचं तर शोधही पुरून टाकावा लागतो. त्याला स्वतःचाच संताप आला.

“मिस्त्री,” मागून शेषेराव म्हणाला. तो कधी उठून आला कळलं नाही. “आत्ता बराबर वाजली. काय केलं तुमी?”

फाटकाबाहेरून, रस्त्याच्या गलक्यातून याने दोन श्वास ओळखले! बसलिंगप्पा त्याच्याकडे बघत राहिला. ज्याला हा आवाज इतका कळतो तो जीपचा स्क्रू कशाला पिळेल? हे गुरुवारी सुचायला हवं होतं. लाज वाटली, स्वच्छ लाज, आणि तिच्याशेजारी एक विचित्र हेवा.

“इकडं ये. कान दे,” त्याने पुन्हा थेंब सोडला.

शेषेराव वाकला. ऐकलं. सोनेरी कडही पाहिली. ते कार्ड त्यालाही दाखवलेलं होतं.

“मालक पाचला येनार हाय. तू जाऊ नको,” बसलिंगप्पा म्हणाला. “मी सांगताना तू इथं पाह्यजे.”

शेषेराव मान हलवून तिथेच टायरवर बसला. पाचाला पाऊण तास होता. बसलिंगप्पाने जीप बंद केली आणि मनात वाक्य जुळवायला घेतलं – मडिवाळप्पा, दोष सापडला, लई बारीक होता... नाही. हे सोपं, हे कुणीही म्हणेल. मडिवाळप्पा, गुरुवारी मी जे बोललो... इथे जीभ अडली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडली. मडिवाळप्पा, मीच – छे. घामाने सदरा भिजला. केवढं अवघड आहे हे, त्याला वाटलं. अख्ख्या जिल्ह्यात कुणा मिस्त्रीला जमायचं नाही. आणि या विचाराबरोबर त्याची मान, कित्येक तासांनी, जराशी ताठ झाली.