गढूळपणाचा आकडा

नव्या अध्यक्षबाई पहिल्यांदा आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात आल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आली ब्याद. एकोणतीस वर्षांत मी नगरपालिकेचे सहा अध्यक्ष पाहिले. यायचं, टाकीपाशी फोटो काढून घ्यायचा, चहा प्यायचा आणि गाडीत बसायचं. ह्यांना चहा नको होता. त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, पाण्यात तुरटी किती टाकायची हे तुम्हाला कसं कळतं?

मी वैतागूनच दाखवलं. सहा भांड्यांत नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी जास्त, ढवळायचं आणि वाट बघायची. ज्यात कमीत कमी तुरटीत गाळ नीट खाली बसला, ते आजचं प्रमाण. बाई अर्धा तास भांड्यांकडे बघत बसल्या. फोन दोनदा वाजला, उचलला नाही. मग म्हणाल्या, "चौथं. पाचवं नाही. बरोबर ना मामा?" बरोबर होतं. मला रागच आला, कारण हे ओळखायला मला दोन महिने लागले होते.

मग दर सोमवारी हा डोक्याला ताप ठरलेला. फिल्टरमध्ये वाळूच का? ती खराब झाली हे कशावरून ओळखायचं? किती वर्षांनी बदलायची? खोटं कशाला बोलू, तिसऱ्या सोमवारपासून मीच फाटकाकडे डोळे लावून बसायला लागलो. बायको म्हणायची, स्वारी सोमवारी हल्ली दाढी करून जाते. म्हणेना का. इतक्या वर्षांत मी दिवसभर काय करतो, हे घरच्यांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

बिनसलं ते वाळूवरून. तीन नंबरच्या फिल्टरची वाळू पार कामातून गेली होती. बदलायची तर पंधरा दिवस फिल्टर बंद, म्हणजे शहराला एक दिवसाआड पाणी. निवडणूक दोन महिन्यांवर. बाईंना सगळं समजत होतं, अगदी माझ्याइतकं. तरी म्हणाल्या, मतदान होऊ द्या मामा, मग लगेच करू. मी मान हलवली.

त्यातच वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि नदी लालभडक आली. नियम असा, की फिल्टर केलेल्या पाण्याचा गढूळपणा पाचाच्या वर गेला की पुरवठा थांबवायचा आणि वर कळवायचं. तीन दिवस आकडा नऊच्या खाली येईना. पुरवठा थांबवला तर शहरभर बोंब, आणि माझी निवृत्ती अकरा महिन्यांवर. कशाला नसती भानगड, म्हणून मी रजिस्टरमध्ये तिन्ही दिवस चार लिहिलं. आठवड्याभरात दीडशे माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. चार वर्षांची एक पोरगी पाच दिवस बेशुद्ध होती. ती वाचली, पण तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

चौकशी समिती बसली. मुख्याधिकारी साहेबांनी बाईंना माझ्यादेखतच पढवलं. ही तांत्रिक बाब आहे, मला त्यातलं काही कळत नाही, एवढंच बोलायचं. आधीचे सहाही अध्यक्ष ह्याच एका वाक्यावर तरून गेले होते. मग बळीचा बकरा कोण होणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई आल्या आणि त्यांनी रजिस्टर मागितलं. माझ्या अख्ख्या नोकरीत ते वाळवीशिवाय कोणी उघडलं नव्हतं. पानं उलटता उलटता त्या थांबल्या.

"मामा, नदी रोज वेगळी असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग तीन दिवस चारच कसे?"

मी भडकलो. म्हटलं, तुमच्यासाठीच लिहिले, फिल्टर बंद करायला तुम्हीच नको म्हणालात. त्या म्हणाल्या, नको म्हणाले हे खरं, पण खोटं लिहा असं म्हणाले नव्हते. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. रजिस्टर माझ्या हातात देऊन, उद्या घेऊन या, एवढंच सांगून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. बाई उठल्या त्या थेट फळ्याकडे गेल्या. फिल्टर काढला, वाळूचे थर दाखवले, खराब वाळूतून पाणी कसं निसटतं ते समजावलं. शंका विचारणाऱ्याला नीट उत्तर दिलं. मग खडू ठेवला.

"हे मला महिन्याभरापूर्वीच कळलेलं होतं. मतं जातील म्हणून मी काम पुढे ढकललं. काही कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, केंद्रातल्या माणसाची काही चूक? माझे ते तिन्ही दिवसांचे खोटे आकडे पुढे केले असते, तर बाईंचं अर्धं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं.

"त्यांचं ते सांगतील," बाई म्हणाल्या. "पाण्याचं मला जे काही कळतं, ते त्यांनीच शिकवलंय."

प्रमुख माझ्याकडे वळले. तुम्ही आदेश पाळलात, तुमचा दोष नाही, असं लिहून घेऊ का, म्हणाले. गप्प राहिलो असतो तर पेन्शन शाबूत होती. बाईंचा भयंकर राग येत होता. एवढं चांगलं बोलायची काय गरज होती? मी उठलो आणि रजिस्टर उघडून प्रमुखांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे तिन्ही आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. खरा आकडा नऊ होता."

फळ्याजवळ उभ्या असलेल्या बाईंनी तेवढ्यात हळूच विचारलं, "तिन्ही दिवस?"

"नाही," मी म्हणालो. "नऊ, अकरा आणि चौदा."